टेक्नोचा लीड हार्डवेअर सिंथवर कसा घडवायचा

टेक्नोमधला लीड, म्हणजे वर उठून ऐकू येणारी मुख्य धून, सहसा तीन-चार स्वरांपलीकडे जात नाही. तोच तुकडा सहा-सात मिनिटं फिरत राहतो, आणि तरीही नाचणाऱ्याला तो सोडवत नाही. धून तर पहिल्या दहा सेकंदांतच कळून चुकते. पुढची सगळी मिनिटं पेलतो तो नाद: स्वर किती धारदार उघडतो, किती लवकर मिटतो, आणि पुढच्या फेरीत किंचित कसा बदलून येतो. म्हणून या लेखात माझा एकच आग्रह आहे. पट्टी दाबून धरून, एका लांब स्वरावर पॅच (नॉबांच्या मांडणीतून घडणारा आवाज) बनवू नका. सीक्वेन्स (आपोआप फिरत राहणारा स्वरांचा तुकडा) चालू ठेवा, खाली किक (बास ड्रमचा ठोका) चालू ठेवा, मगच नॉबला हात लावा. एकट्या स्वरावर भव्य वाटणारा आवाज १३० बीपीएमच्या (मिनिटाला १३० मात्रांच्या) लयीत बहुतेकदा गढूळ होतो, आणि एकटा ऐकताना किरकोळ, कोरडा वाटणारा आवाज किकवर नेमका बसतो.

यासाठी मोठा सिंथ लागत नाही. एक किंवा दोन ऑसिलेटर (मूळ सूर देणारे), एक लो-पास फिल्टर (वरचा, चमकदार भाग कापणारा), जमल्यास दोन एन्व्हलप (प्रत्येक स्वराबरोबर चढ-उतार घडवणारे), एक एलएफओ (आवाज सतत हलवणारी संथ लहर) आणि कुठलाही स्टेप सीक्वेन्सर (स्वर पायरीपायरीने वाजवणारा) पुरतो. १९८२ च्या रोलँड एसएच-१०१ मध्ये ऑसिलेटर एक आणि एन्व्हलपही एकच होता, तरी टेक्नोच्या स्टुडिओंत तो टिकून राहिला.

१. आधी सीक्वेन्स, पॅच नंतर

ॲनालॉग सिंथ असेल तर चालू करून वीस-तीस मिनिटं तसाच राहू द्या. व्होल्टेजवर चालणाऱ्या ऑसिलेटरचा सूर सर्किट तापेपर्यंत सरकत असतो, त्यामुळे थंड सिंथवर जुळवलेला डिट्यून (दोन ऑसिलेटरमधला सुराचा किंचित फरक) अर्ध्या तासाने वेगळाच ऐकू येतो. तोवर सीक्वेन्स लिहून घ्या.

टेम्पो १३० बीपीएम धरू. मग एक मात्रा साधारण ४६१ मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग म्हणजे एक स्टेप ११५ मिलिसेकंदांची आणि सोळा स्टेपचा बार सुमारे १.८५ सेकंदांचा होतो. हे आकडे समोर लिहून ठेवा. एन्व्हलप आणि डिले लावताना ते पुन्हा पुन्हा लागतात.

किक १, ५, ९ आणि १३ या स्टेपवर. उघडा हायहॅट ३, ७, ११ आणि १५ वर. आता लीडचे स्वर १, ४, ७, ११ आणि १४ वर ठेवा. म्हणजे अंतरं ३, ३, ४, ३, ३ अशी पडतात आणि बेरीज सोळा होते. लीड किकशी फक्त पहिल्या स्टेपवर भेटतो, बाकी चारही वेळा तो किकच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. ७ आणि ११ वर मात्र त्याला हायहॅट भेटतो. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे त्यावरच ॲक्सेंट (जोर द्यायच्या जागा) ठरणार आहेत.

स्वर साधे घ्या. षड्ज ए धरला, तर १, ४ आणि ११ वर षड्ज, ७ वर कोमल गंधार म्हणजे सी, आणि १४ वर खालचा कोमल निषाद म्हणजे जी. अधिक काळोखी हवी असेल तर गंधाराच्या जागी कोमल रिषभ लावा. सुरुवात २२० हर्ट्झच्या ए पासून करा. टेक्नोची किक साधारण ५० हर्ट्झच्या आसपास बोलते, बेसलाइन त्याच्या लगेच वर असते, तेव्हा लीडचा पाया २०० हर्ट्झच्या बराच खाली गेला की तिघांची ओढाताण सुरू होते.

आता पॅनेल कोरं करा. एक ऑसिलेटर सॉटूथवर (करवतीच्या दातांसारखी लहर), फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला आवाज उचलणारा) शून्य, एन्व्हलपची मात्रा शून्य, एलएफओ बंद, इफेक्ट बंद. प्रीसेटवरून सुरुवात करणाऱ्यांना माझी मनाई नाही. पण प्रीसेटमध्ये कुठे काय जोडलेलं आहे हे शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात कोऱ्या पॅनेलवरचा पॅच निम्मा तयार होतो.

२. ऑसिलेटर

सॉटूथमध्ये मूळ स्वराचे सगळे हार्मोनिक (त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर) असतात, स्क्वेअरमध्ये फक्त विषम. म्हणून सॉ भरलेला आणि धारदार वाटतो, स्क्वेअर पोकळ वाटतो. स्क्वेअरची पल्स विड्थ (चक्राचा किती भाग लहर वर राहते) ५० टक्क्यांवरून २५ वर आणली की प्रत्येक चौथा हार्मोनिक नाहीसा होतो आणि आवाज नाकातून आल्यासारखा बारीक होतो. अरुंद पल्स टेक्नोच्या लीडला फार उपयोगी पडते, कारण ती कमी जागा घेते. सॉ सगळं व्यापतो, मग त्याला फिल्टरने कापत बसावं लागतं.

दुसरा ऑसिलेटर असेल तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट डिट्यूनची. दोन ऑसिलेटर किंचित वेगळ्या सुरात असले की त्यांच्यात आंदोलनं ऐकू येतात. ४४० हर्ट्झवर ५ सेंटचा (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) फरक ठेवला तर सेकंदाला साधारण सव्वा आंदोलन होतं, आणि २२० वर त्याच्या निम्मं. एकाच डिट्यूनवर वरचे स्वर जलद आणि खालचे संथ का हेलकावतात त्याचं कारण हे. चार ते आठ सेंट पुरे. त्यापुढे आवाज पसरट होतो, ट्रान्सच्या दिशेने जायला लागतो, आणि स्वराचा पहिला ठोका बोथट होतो. डिट्यून केलेले ऑसिलेटर मोकळे चालू देता येत असतील तर तसेच राहू द्या, म्हणजे प्रत्येक स्वर वेगळ्या फेजवर सुरू होतो. ठोका दरवेळी एकसारखा हवा असेल तर ऑसिलेटर रिट्रिगर करा.

दुसरी वाट अंतराची. दुसरा ऑसिलेटर ७ सेमिटोन वर चढवला की षड्जाबरोबर पंचम बोलायला लागतो. तीन ऑसिलेटर असतील तर ०, ३ आणि ७ सेमिटोन लावा, मायनर कॉर्डचा स्टॅब (छोटा, तुटक ठोका) तयार होतो. आता एकेक स्वर वाजवला तरी अख्खी कॉर्ड त्याच आकारात वर-खाली सरकते. कोमल गंधारावर गेली तरी ती मायनरच राहते, आणि मग तिच्यात मूळ सप्तकाबाहेरचा स्वर डोकावतो. ती सुरेल विसंगती डेट्रॉइटच्या टेक्नोत फार ऐकू येते. ऐंशीच्या दशकात हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांच्या हातून उभ्या राहिलेल्या त्या संगीताला या समांतर सरकणाऱ्या कॉर्डनी स्वतःचा चेहरा दिला.

तिसरी वाट दोन ऑसिलेटर एकमेकांवर घासण्याची: सिंक, क्रॉस-मॉड्युलेशन, रिंग मॉड्युलेटर. हार्ड सिंकमध्ये पहिल्या ऑसिलेटरचं चक्र पूर्ण झालं की दुसऱ्याचं चक्र जबरदस्तीने पुन्हा सुरू होतं. सूर पहिल्याचाच राहतो, पण दुसऱ्याची पिच फिरवली की नाद चिरत जातो. ही पिच एन्व्हलपने हलवा, प्रत्येक स्वराच्या तोंडाशी एक फाड येईल. रिंग मॉड्युलेटर दोन्ही आवाजांची बेरीज आणि वजाबाकी देतो: ४४० आणि ३०० हर्ट्झचे शुद्ध सूर दिले की ७४० आणि १४० बाहेर येतात. त्यांचं मूळ स्वराशी साधं नातं नसतं, म्हणून आवाज धातूचा लागतो.

मिक्सरकडेही लक्ष द्या. बऱ्याच ॲनालॉग सिंथमध्ये ऑसिलेटरची पातळी वर नेली की फिल्टरच्या तोंडाशीच आवाज थोडा फाटायला लागतो. ही फाट बाहेरच्या पेडलपेक्षा जवळची वाटते, कारण तिच्यानंतर फिल्टर असतो आणि तो तिच्या कडा घासून देतो. मिनीमूगवर हेडफोनचा आउटपुट बाहेरच्या इनपुटला परत जोडून हेच करण्याची पद्धत जुनी आहे. तुमच्या सिंथवर तशी सोय असेल तर पातळी शून्यापासून हळूहळू वाढवा, फीडबॅक एकदम उसळतो.

३. फिल्टर

सीक्वेन्स चालू असतानाच कटऑफ (फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा) पूर्ण बंद करा आणि हळूहळू उघडा. एका जागी आवाज नुसता गुणगुणण्यातून बोलायला लागतो. त्या जागेच्या थोडं खाली थांबा. ही तुमच्या पॅचची विश्रांतीची जागा. इथून वर नेण्याचं काम एन्व्हलप करेल.

२४ डेसिबल प्रति सप्तक उताराचा फिल्टर वरचे हार्मोनिक झटकन कापतो, त्यामुळे उघड-मीट ठळक होते. १२ डेसिबलचा थोडी चमक गळू देतो, आणि दाट मिक्समध्ये ती गळती हवीहवीशी वाटते. दोन्हींचा पर्याय असेल तर एन्व्हलप लावून झाल्यावर निवडा, आधी नाही.

रेझोनन्स वाढवला की लॅडर प्रकारच्या फिल्टरमध्ये खालचा भाग पातळ होतो. बेससाठी ती अडचण असते, लीडसाठी मात्र फायदाच, कारण तीच जागा किकला मिळते. रेझोनन्स टोकाला नेल्यावर फिल्टर स्वतःच शीळ घालायला लागतो. त्या शिळेला सुरात वाजवायचं असेल तर की-ट्रॅकिंग (स्वराबरोबर कटऑफ सरकवणारा नॉब) पूर्ण करा. एरवी ते निम्म्यावर ठेवा. शून्यावर ठेवलं तर खालचे स्वर उघडे आणि वरचे मिटलेले येतात, आणि लीडचा तुकडा उतरत्या वळणावर विनाकारण भडक होतो.

हाय-पास फिल्टर असेल तर तो १५० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान लावून टाका. कॉर्ग एमएस-२० मध्ये १९७८ पासून हाय-पास आणि लो-पास एकामागोमाग आहेत, आणि दोन्हींचा रेझोनन्स वेगळा वाढवता येतो. दोन्ही जवळ आणले की आवाजाची एक अरुंद पट्टीच उरते, आणि ती कुठल्याही मिक्समधून आरपार जाते.

४. एन्व्हलप: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

टेक्नोचा लीड खरा घडतो तो एन्व्हलपच्या चार नॉबवर, विशेषतः डिकेवर: अटॅक (चढायला लागणारा वेळ), डिके (सस्टेनपर्यंत उतरायला लागणारा वेळ), सस्टेन (स्वर धरलेला असताना टिकणारी पातळी) आणि रिलीज (स्वर सुटल्यावर मिटायला लागणारा वेळ).

आवाजाच्या एन्व्हलपपासून सुरू करा. अटॅक शून्य. खट असा आवाज नको असेल तर एक-दोन मिलिसेकंद. सस्टेन शून्य. रिलीज ६० मिलिसेकंदांच्या आसपास. डिके किती? आपल्या सीक्वेन्समध्ये दोन स्वरांमधलं सर्वात कमी अंतर तीन स्टेप, म्हणजे ३४६ मिलिसेकंद. डिके २५० ठेवला तर प्रत्येक स्वरानंतर थोडी शांतता उरते, आणि त्या शांततेत किक श्वास घेते. एक सावधगिरी: सस्टेन शून्य असताना डिके पूर्ण ऐकू यायचा तर गेट (सीक्वेन्सर स्वर धरून ठेवतो तो वेळ) तेवढा लांब हवा. सीक्वेन्सरवर गेट अर्ध्या स्टेपचा असेल तर ५८ मिलिसेकंदांतच रिलीज सुरू होतो आणि डिकेचा नॉब फिरवून काहीच होत नाही. अशा वेळी गेट लांब करा किंवा रिलीज डिकेइतकाच ठेवा.

मग फिल्टरचा एन्व्हलप. मात्रा साधारण निम्मी, अटॅक शून्य, सस्टेन शून्य, डिके १२० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास एक स्टेप. फिल्टरचा डिके आवाजाच्या डिकेपेक्षा छोटा असला की स्वराची धार आधी जाते आणि अंग मागे रेंगाळतं. उलट केलं तर आवाज चमकतच तुटतो, कात्रीने कापल्यासारखा. दोन्ही आकार कामाचे आहेत. दोन्ही डिके सारखे ठेवणं मात्र टाळा, त्यात स्वराला आकारच उरत नाही. एकच एन्व्हलप असलेल्या सिंथवर आवाजाला गेटवर टाका आणि एन्व्हलप फिल्टरसाठी मोकळा ठेवा. एसएच-१०१ वर त्यासाठी वेगळा स्विचच आहे.

आता सीक्वेन्स चालू ठेवून फिल्टरचा डिके ५० पासून ४०० मिलिसेकंदांपर्यंत अगदी सावकाश न्या. छोट्या डिकेवर लीड जवळजवळ तालवाद्य होतो. २०० च्या पुढे त्याला स्वर फुटतो. ३५० च्या पुढे स्वर एकमेकांत मिसळायला लागतात. कटऑफ सगळेच फिरवतात. डिके फिरवणारे कमी, आणि तोच नॉब लय बदलल्याचा भास निर्माण करतो, एकही स्वर न बदलता. लाइव्ह वाजवताना माझा हात पहिल्यांदा तिथेच जातो.

मोनो सिंथवर आणखी एक निर्णय घ्यायचा असतो. दोन स्वर एकमेकांवर चढले तर एन्व्हलप पुन्हा सुरू व्हावा की नाही? लेगॅटो ठेवलं तर दुसरा स्वर पहिल्याच्याच उतारावर येतो, धार नसलेला. रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथच्या स्लाइडचं वैशिष्ट्य हेच. तिथे स्वर सरकतो आणि एन्व्हलप नव्याने उडत नाही. आपल्या सीक्वेन्समध्ये १४ व्या स्टेपचा गेट पुढच्या १ ल्या स्टेपवर जाईल इतका ताणा आणि थोडा ग्लाइड द्या, ६० ते ८० मिलिसेकंद. निषादावरून षड्जावर येणारी ती मींड अख्ख्या तुकड्याला गोल फिरवते. मात्र ग्लाइड एकाच जागी असावा. सगळीकडे दिला तर तुकडा सैल पडतो.

आता ॲक्सेंट. व्हेलॉसिटी (स्वराचा जोर) फिल्टरच्या एन्व्हलपच्या मात्रेला जोडा, आवाजाच्या पातळीला थोडीच. ७ आणि ११ वर हायहॅट आहे, तिथली चमक तो सांभाळतो, म्हणून त्या दोन स्वरांची व्हेलॉसिटी कमी करा. ४ आणि १४ वर ना किक ना उघडा हायहॅट. तिथे ॲक्सेंट द्या. हे एवढंच केल्यावर लीड ड्रममध्ये विणला जातो, ईक्यूला हात न लावता. ३०३ मध्ये ॲक्सेंट आवाज आणि फिल्टर दोन्ही उचलतो, आणि सलग ॲक्सेंट आले की आधीचा पूर्ण उतरायच्या आत पुढचा येतो, त्यामुळे फिल्टर पायरीपायरीने वर चढत जातो. त्या यंत्राचं उत्पादन १९८१ ते १९८४ इतकंच चाललं, पण हा गुण पुढे असंख्य सिंथनी उचलला.

५. हालचाल

एन्व्हलपने स्वराच्या आतली हालचाल झाली, ॲक्सेंटने बारच्या आतली. उरली लांब पल्ल्याची.

एलएफओ टेम्पोशी न जोडता मोकळा सोडा, फेरी वीस सेकंदांच्या आसपास. आपला बार १.८५ सेकंदांचा, म्हणजे फेरी दहा बारांवर पूर्ण होत नाही आणि अकरावरही नाही. तिची सुरुवात दरवेळी तुकड्याच्या वेगळ्या जागी पडते. हा एलएफओ कटऑफला किंवा पल्स विड्थला जोडा, आणि मात्रा इतकी कमी ठेवा की हालचाल चालू आहे हे कळू नये, बंद केल्यावर मात्र काहीतरी गेल्यासारखं वाटावं.

दुसरा उपाय मोजमापाचा आहे. सीक्वेन्सरमध्ये मॉड्युलेशनची वेगळी ओळ असेल तर तिची लांबी ७ स्टेप करा आणि स्वरांची १६ च राहू द्या. दोन्ही पुन्हा एकत्र यायला ११२ स्टेप लागतात, म्हणजे पूर्ण सात बार. स्वर तेच, पण कुठला स्वर उजळेल हे प्रत्येक बारला बदलतं. चार बारांच्या चौकटीत बसत नसल्याने कान ते पाठ करू शकत नाही. सॅम्पल-अँड-होल्डपेक्षा (ठरावीक वेळाने वाटेल तो आकडा देणाऱ्या मॉड्युलेशनपेक्षा) मला हे जास्त आवडतं, कारण यात विस्कळीतपणा नाही, फक्त लांबलेला क्रम आहे.

तिसरा उपाय तुमचा हात. एमआयडीआयवरून कटऑफ फिरवायचा तर साधारण सीसी (नॉबच्या संदेशाचा क्रमांक) ७४ आणि रेझोनन्सला सीसी ७१ असतो. पण एका सीसीमध्ये १२८ च पायऱ्या असतात, आणि रेझोनन्स जास्त असताना काही सिंथवर त्या पायऱ्या करकर ऐकू येतात. तिथे सिंथचाच नॉब धरा.

६. याच पायावर दोन वेगळे आवाज

हूव्हर: रोलँडच्या अल्फा जुनोवर एरिक पर्सिंग यांनी बनवलेल्या प्रीसेटमधून हा आवाज आला आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या टेक्नोत पसरला. पल्स आणि सॉ एकत्र, जलद एलएफओने सतत हलणारी पल्स विड्थ, खाली सब-ऑसिलेटर, पिचवर छोटा एन्व्हलप जो स्वराला खालून वर ओढतो, शेवटी जाड कोरस. इथे वर सांगितलेला छोटा डिके चालत नाही. सस्टेन वर ठेवा, ग्लाइड वाढवा, स्वर कमी करा.

धातूचा स्टॅब: क्रॉस-मॉड्युलेशन किंवा एफएम (एका ऑसिलेटरने दुसऱ्याची कंपनं हलवणं), दोन ऑसिलेटरचं प्रमाण पूर्णांकात नसलेलं, आणि एफएमच्या मात्रेवर ८० मिलिसेकंदांच्या डिकेचा एन्व्हलप. तोंडाशी टणत्कार, मागे साधा सूर. फिल्टरची गरज फारशी पडत नाही.

७. इफेक्ट

फाट (ओव्हरड्राइव्ह) आधी, डिले (पडसाद देणारा इफेक्ट) नंतर. डिलेनंतर ओव्हरड्राइव्ह लावला तर पडसादही मूळ स्वराइतकेच उंच येतात आणि सगळी जागा भरून जाते.

डिलेसाठी सगळे सवयीने डॉटेड आठवी नोट लावतात, म्हणजे तीन स्टेप, ३४६ मिलिसेकंद. आपल्या सीक्वेन्सवर ते वाया जातं. १, ४, ७, ११, १४ चे पडसाद ४, ७, १०, १४ आणि पुन्हा १ वर पडतात, म्हणजे एक सोडून सगळे मूळ स्वराखाली झाकले जातात. पाच स्टेप, ५७७ मिलिसेकंद लावून पाहा: पडसाद ६, ९, १२, १६ आणि ३ वर येतात, सगळे लीडच्या मोकळ्या जागी, फक्त ९ वर किक आणि ३ वर उघडा हायहॅट. असाच हिशोब तुमच्या तुकड्यासाठी एकदा कागदावर करा. फीडबॅक ३० टक्क्यांच्या आसपास आणि पडसादांवर लो-पास.

रिव्हर्ब छोटा, आणि त्यात ३०० हर्ट्झच्या खालचं काही जाऊ देऊ नका.

८. मिक्समध्ये बसवणं आणि रेकॉर्डिंग

मिक्सर मोनो करून ऐका. अनेक क्लबमध्ये ध्वनी मोनोच असतो, आणि स्टिरिओ कोरसने रुंद केलेला लीड मोनोत पातळ होतो किंवा पोकळ वाटतो. तसं झालं तर कोरस कमी करा, पॅच बदलू नका.

मग आवाज अगदी कमी करा. किकबरोबर लीडचे पाचही स्वर ओळखू येतात का? येत नसतील तर फेडर वर ढकलण्याआधी फिल्टरच्या एन्व्हलपची मात्रा थोडी वाढवा. नंतर थोडा वेळच आवाज मोठा करून रेझोनन्स तपासा. कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वात हळवा असतो, आणि घरच्या पातळीवर गोड वाटणारी शीळ मोठ्या आवाजात तिथेच टोचते. कटऑफ हाताने वर नेताना तो त्या पट्ट्यातून जातोच. त्या क्षणी रेझोनन्स थोडा खाली घ्यायची सवय दुसऱ्या हाताला लावा.

रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्याने करू नका. सीक्वेन्स लावा, दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करा, आणि तेवढ्या वेळात तीनच नॉब हलवा: डिके, कटऑफ, डिलेचा फीडबॅक. प्रत्येक हालचाल निदान आठ बार चालू द्या. नंतर ऐकताना ज्या जागी तुमची मान आपोआप हलते त्या जागा खुणा करून ठेवा आणि रचना तिथून कापा.

सिंथला मेमरी नसेल तर उठण्याआधी पॅनेलचा वरून सरळ फोटो काढा आणि सोबत टेम्पो, गेटची लांबी आणि डिलेचा आकडा लिहा. नॉबच्या जागा फोटोतून परत मिळतात, गेटची लांबी नाही, आणि तिच्याशिवाय हाच पॅच दुसऱ्या दिवशी वेगळा वाजतो.